मर्व्ह शुल्ट्झची बदली गाडी

यारापिट गावात माणूस चेहऱ्याने ओळखला जातो तो लग्नात आणि मयतीत. बाकी वेळ तो गाडीने ओळखला जातो. गव्हाच्या शेतांमधल्या सरळसोट रस्त्यावर समोरून गाडी आली, की स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट वर करायचं. समोरचाही करतो. आत कोण बसलंय हे कोणी बघत नाही, बोट गाडीला केलेलं असतं. एखाद्याने गाडी विकली आणि घेणाऱ्याने ती गावातच चालवली, तर त्या बिचाऱ्याला वर्षभर दुसऱ्याच्याच नावाची बोटं मिळत राहतात.

मर्व्ह शुल्ट्झची गाडी म्हणजे मोहरीच्या रंगाची म्हातारी यूट. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा, हौद्यात पान्हे, दोरखंड, ग्रीसचे डबे आणि त्या सगळ्या पसाऱ्यावर मांडी ठोकून बसलेला टायर. टायर हे कुत्र्याचं नाव. मर्व्ह म्हणायचा, "लोक आधी कुत्र्याला ओळखतात, मग गाडीला, आणि तेवढ्यात फुरसत मिळाली तर मला."

पन्नासेक वर्षं त्याने पवनचक्क्या दुरुस्त केल्या. या भागात जमिनीखालचं पाणी वर काढायला दर शेतावर एक चक्की असायची आणि दर चक्कीच्या टोकावर कधी ना कधी मर्व्ह लटकलेला असायचा. मग शेतकऱ्यांनी सोलर पंप बसवले. सत्तरी ओलांडलेल्या मर्व्हकडे आता चारपाच हट्टी गिऱ्हाइकं उरली होती, तीही त्याच्यासारखीच, मोडेपर्यंत बदलायचं नाही या मताची.

लग्न केलं नव्हतं. एकदा होता होता राहिलं. त्याची गोष्ट तो स्वतःच पबमध्ये रंगवून सांगायचा. मुलगी चांगली होती, तिच्या बापाच्या चक्कीवर काम चालू होतं, ती खाली उभी राहून वर बघायची. "मी वरूनच ठरवलं होतं, आज विचारायचं. पण वारा फार होता. म्हटलं, वारा पडू दे. वारा पडेपर्यंत तिने बँकेतल्या माणसाशी लग्न केलं." यावर सगळे हसायचे, आणि सगळ्यात मोठ्याने मर्व्ह. या माणसाचं हे एक बरं होतं. स्वतःची फजिती तो दुसऱ्याच्या हाती लागू देत नसे, आधी आपणच वाटून मोकळा व्हायचा.

फक्त एक गोष्ट तो कोणाला सांगत नव्हता. ती होती नॉरीन पेटीग्रू.

नॉरीन ही वॅल पेटीग्रूची विधवा. वॅल म्हणजे गावच्या फुटबॉल संघाचा जुना कप्तान, गावाचा लाडका, आणि मर्व्हचा शाळेपासूनचा दोस्त. पाच वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा मर्व्हने खांदा दिला होता, चर्चमध्ये उभं राहून चार शब्द बोलला होता आणि पाचव्या शब्दाला रडला होता. पुढे दोन वर्षांनी नॉरीनच्या परसातली चक्की कुरकुरायला लागली म्हणून तो गेला. चक्की तासाभरात नीट झाली, पण चहा लांबला. पुढच्या गुरुवारी तो चक्की नीट चालतेय ना ते बघायला गेला. त्यानंतर तीन वर्षं दर गुरुवारी तो चक्की बघायला जात होता.

जायची पद्धतही ठरलेली. यूट गावच्या जुन्या हॉलच्या मागे लावायची, टायरला "गप बस" म्हणायचं, हातात अवजारांची पेटी घ्यायची आणि मागच्या बोळाने नॉरीनच्या परसदारी उगवायचं. वॅलच्या बायकोकडे वॅलचा दोस्त जातो हे लोकांना कळलं तर लोक काय म्हणतील, या भीतीने तो बोळात दोनदा मागे वळून बघायचा. नॉरीनने एकदोनदा विचारलं होतं, "पुढच्या दाराला काय काटे आहेत का रे?" मर्व्ह म्हणायचा, "जाऊ या ना एकदा सगळ्यांसमोर. जरा वेळ येऊ दे." नॉरीन स्कोनवर, म्हणजे भट्टीतून काढलेल्या मऊ गोड पावावर, जॅम लावत राहायची. वारा पडायची वाट बघणाऱ्याशी गाठ आहे, हे तिला माहीत होतं.

एका गुरुवारी तो असाच तिच्या स्वयंपाकघरात बसला होता आणि तोंडात अर्धा स्कोन होता, तेव्हा हॉलच्या बाजूने कडकडाट ऐकू आला. शहरातलं एक वयस्कर जोडपं गव्हाच्या उंच कोठारांवरची चित्रं बघायला आलं होतं. गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच. नवऱ्याने हॉलमागे गाडी वळवली, गाडी वळली, घर वळलं नाही. ते जाऊन यूटच्या कुशीत शिरलं. दार आत गेलं, पुढचं चाक वाकडं झालं. टायरने आधीच उडी मारली होती. मर्व्ह पेटी घेऊन धावत पोचला तेव्हा तो शहरी माणूस टोपी काढून उभा होता. "माझीच चूक," तो म्हणाला. "शंभर टक्के माझी." मर्व्हला त्या माणसाचं कौतुक वाटलं. इतक्या सरळ कबुली देणारा माणूस त्याने आरशातसुद्धा पाहिला नव्हता.

गॅरेजवाल्याने यूट बघून मान हलवली. इतक्या जुन्या गाडीचं दार भंगारात शोधावं लागेल, काही आठवडे जातील. "पण चूक तुझी नाही ना? मग तोवर बदली गाडी मिळते तुला. भाडं समोरच्याचा विमा भरतो. हा घे नंबर, फोन कर."

मर्व्हने घरी येऊन फोन केला. पलीकडे जॅसिंटा नावाची एक मुलगी होती, आवाज गोड आणि कामाला चोख.

"मर्व्ह, सगळ्यात आधी एक सांगते. यात तुमची काहीही चूक नाही."

मर्व्हने फोन दुसऱ्या कानाला लावला. "पोरी, हे पुन्हा एकदा म्हण."

"तुमची काहीही चूक नाही."

"सत्तर वर्षांत पहिल्यांदा ऐकतोय. बरं, विचार काय विचारायचंय ते."

"गाडी कुठे उभी होती?"

"हॉलच्या मागे."

"हॉलमध्ये काही कार्यक्रम होता?"

"नाही."

"मग तुम्ही तिथे...?"

"पवनचक्की."

"हॉलच्या मागे पवनचक्की आहे?"

"तिथे नाही. तिथून जवळ आहे." मर्व्हच्या कपाळाला घाम आला. इतकं खोटं तो पोलिसांशीही बोलला नव्हता. मुख्य म्हणजे यातलं काही खोटं नव्हतं.

"आणि गाडीत आणखी कोणी होतं?"

"कुत्रा. पण त्याने वेळेवर उडी मारली. तो शहाणा आहे, माझ्यावर गेला नाही."

"कुत्रा सोडून?"

"कोणी नाही. त्या सीटवर कोणी बसतच नाही."

फोन ठेवल्यावर हे शेवटचं वाक्य त्याला जरा लागलं. पण तो लगेच पबकडे निघाला, म्हणजे लागलेलं विसरायला.

पबमध्ये त्याने नको तो पराक्रम केला. पबची मालकीण ट्रिश म्हणाली, "आता भाड्याची गाडी मिळेल तुला, मज्जा आहे!" त्यावर मर्व्हने ग्लास आपटला. भाड्याच्या पांढऱ्या गाड्या म्हणजे शहरातल्या दातांच्या डॉक्टरांचं वाहन, त्यात बसण्यापेक्षा आपण पायी फिरू, शुल्ट्झ घराण्यात अजून पाय शाबूत आहेत, वगैरे वगैरे. त्याच्या शेजारी बर्नी होता, फुटबॉलच्या मैदानावर गुणफलक सांभाळणारा, मर्व्हचा जुना सोबती. त्याने टाळ्या वाजवल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. घर पबपासून रेल्वेच्या रुळांपलीकडे, पायी जाण्याजोगं होतं, त्यामुळे मर्व्हला आपला शब्द पाळता येईल असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी एक ट्रक आला आणि बदली गाडी उतरवून गेला. पांढरी शुभ्र, उंच, काळ्या काचांची. सीट ऊब देत होती. समोरचा काचेचा पडदा बोलत होता. मर्व्हचा मोबाइल तिने न विचारता आपल्यात ओढून घेतला, फोनवरचा आवाजही आता गाडीतूनच यायचा. आणि कुत्र्यांना सक्त मनाई. टायरने एका चाकाचा वास घेतला, पाय वर केला आणि आपलं मत नोंदवलं. गाडी परत पाठवायची म्हणून मर्व्हने फोन उचलला, आणि मग त्याला गुरुवार आठवला.

नॉरीनचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. पायी जायचं तर भर बाजारातून पेटी घेऊन जावं लागणार. त्याने फोन खाली ठेवला. गाडी त्याने चक्क्यांच्या शेडमध्ये, मोडक्या पात्यांच्या मागे उभी केली आणि वर ताडपत्री टाकली. गावात पायी फिरायचं, आणि गुरुवारी तेवढी ही बाहेर काढायची. मर्व्हला स्वतःच्या हुशारीचं हसू आलं.

गुरुवारी तो कोठारांच्या मागच्या रस्त्याने वळसा घालून निघाला. समोरून बर्नीची निळी गाडी आली. मर्व्हचं बोट सवयीने वर गेलं. बर्नी काळ्या काचेकडे अनोळखी नजरेने बघत निघून गेला. चाळीस वर्षं ज्याच्याशी बोटाची देवाणघेवाण केली, त्याने बघूनही न बघितल्यासारखं केलं. मर्व्हने आरशात निळी गाडी लहान होईपर्यंत बघितली. आपण मेल्यावर असंच होत असेल, असं त्याला वाटलं. पण पुढच्याच वळणावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे या गाडीत आपण कोणालाच ओळखू येत नाही! मग हॉलमागे कशाला लावायची? त्याने गाडी थेट नॉरीनच्या दारात, फाटकाच्या आत नेली, आणि ओसरीला अगदी खेटून लावून पुढच्या दाराने आत गेला.

नॉरीन दारातच उभी राहिली. तिच्या हाताला पीठ होतं. "मर्व्ह! पुढून? आणि पेटी कुठेय?"

"आज पेटी नाही."

तिचा चेहरा असा उजळला की मर्व्हला आपणच एवढे देखणे असल्याचा भास झाला. ती म्हणाली, "थांब, चांगले कप काढते."

"अगं, काय युक्ती झालीये बघ," मर्व्ह खुर्ची ओढत म्हणाला. "ही गाडी कोणाची हे गावात कोणालाच माहीत नाही! आता हवं तेव्हा पुढून येतो. कोणाला पत्ता नाही लागायचा."

नॉरीनने कपाट उघडलं होतं ते तसंच बंद केलं. चहा रोजच्या कपांत आला. मर्व्हने तीन स्कोन खाल्ले, गरम सीटचं आणि 'तुमची काहीही चूक नाही' म्हणणाऱ्या फोनवरच्या पोरीचं वर्णन केलं, आणि समोर बसलेल्या बाईने त्यातलं एक अक्षर ऐकलं नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. या मांजराने तर काळ्या काचा लावल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात गाव मर्व्हवर भलतंच मायेने वागायला लागलं. महिला मंडळाच्या जॉइसने बटाट्याचा थर दिलेल्या खिम्याचं ताट दारात ठेवलं. पबमध्ये तो शिरला की बोलणी थांबायची. बर्नीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो काढायचं विसरला.

"धीर धर, गड्या," बर्नी म्हणाला.

"धरलाय की," मर्व्ह म्हणाला. त्याला वाटलं यूटबद्दल चाललंय. "एक दार आणि एक चाक, बाकी काही नाही." बर्नीने ट्रिशकडे बघितलं, ट्रिशने छताकडे. माणसं किती चांगली आहेत आपल्या गावची, एका भंगार गाडीसाठी केवढी हळहळ, या विचाराने मर्व्हचे डोळे भरून आले. ते बघून बर्नीने अजून एक बिअर मागवली.

दुसरा गुरुवार पांढऱ्या गाडीनेच झाला. नॉरीन डोकं दुखतंय म्हणाली, म्हणून तो लवकर परतला. त्याच संध्याकाळी मात्र ट्रिशला राहवलं नाही. पबमध्ये तिच्या, बर्नीच्या आणि मर्व्हच्या शिवाय कोणी नव्हतं. तिने फडकं खांद्यावर टाकलं.

"मर्व्ह, तुला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगते. नॉरीनकडे कोणीतरी येतो."

मर्व्हने हातातला ग्लास खाली ठेवला. "कोण नॉरीन?"

"कोण नॉरीन म्हणे!" बर्नी फिस्कारला.

"पांढरी गाडी आहे," ट्रिश म्हणाली. "शहरातली. काळ्या काचा. गुरुवारी, भर दुपारी, अगदी पुढच्या दारात. तुझी यूट बंद पडली आणि हा हजर. जॉइसने दोनदा पाहिली."

"मला काय त्याचं?" मर्व्हचा आवाज उंदरासारखा आला.

"अरे बाबा, तीन वर्षं तू हॉलमागे गाडी लावतोस. हौद्यात तो टायर येणाऱ्याजाणाऱ्याला बघून शेपटी हलवतो. आम्ही काय आंधळे?"

"सगळ्यांना माहितीये?"

"गुरुवारी हॉलमध्ये पोरींचा नाचाचा वर्ग होता. तुला जागा मोकळी मिळावी म्हणून तो बुधवारी केला. दोन वर्षं झाली त्याला."

"बोळातलं गवत कोण कापतं असं वाटतं तुला?" बर्नी म्हणाला. "आपोआप कापलं जातं का काय? माझी कंबर गेलीये त्यात."

मर्व्हला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. म्हणजे तीन वर्षं तो पेटी छातीशी धरून, भिंतीला चिकटून चालत होता, आणि सगळं गाव पडद्यामागे श्वास रोखून त्याला चालू देत होतं. रागावलं कोणी नव्हतं. वॅलचं नाव कोणी काढलं नव्हतं. चोराच्या मनातच तेवढं चांदणं होतं.

"पण तू काळजी करू नकोस," ट्रिश म्हणाली. "आम्ही तुझ्या बाजूने आहोत. शनिवारच्या मॅचला कॅन्टीनमध्ये नॉरीनला बोलावलेलं नाही. जॉइसने तिला तोंडावर सांगितलं, यंदा स्कोन दुसरं कोणी करेल. चाळीस वर्षं केले तिने, पण म्हणून काय झालं? आमच्या मर्व्हला असं वागवायचं?"

आता बोलायची वेळ होती. चार शब्दांचं काम होतं. ती गाडी माझी आहे. मर्व्हने तोंड उघडलं. तोंड उघडंच राहिलं आणि त्यातून बाहेर पडलं ते असं: "अजून एक दे."

रात्रभर तो स्वतःला शिव्या देत पडला. टायर पायाशी होता, त्याने त्यालाही विचारलं, "तू तरी माझ्याशी का राहतोस रे?" सकाळी त्याने ताडपत्री काढली आणि गुरुवार नसताना नॉरीनकडे गेला. ती ओसरीतच बसली होती, रिकाम्या हातांनी. चाळीस वर्षांत मॅचच्या आदल्या दिवशी तिचे हात रिकामे नव्हते.

"तुला कळलं?" त्याने विचारलं.

"मला तोंडावर सांगितलंय. वॅलच्या नावाला बट्टा लावला म्हणे मी. एक पुरला नाही म्हणे."

"मग तू सांगितलं का नाहीस, की तो मीच आहे म्हणून?"

नॉरीनने त्याच्याकडे असं बघितलं की तो एक पायरी खाली उतरला. "मी सांगू? मी कोणाला लपवलं होतं? माझं पुढचं दार तीन वर्षं उघडं आहे, मर्व्ह. ज्याने तोंड मिटलं त्याने उघडावं. लोकांचं मला काही वाटत नाही. जॉइस काय, उद्या गोड बोलेल. पण तू त्या दिवशी पुढून आलास, मी वेडी, मला वाटलं आता तरी... आणि तू म्हणालास, कोणाला पत्ता लागणार नाही. इतकी का रे मी लपवायची वस्तू?"

मर्व्ह ओसरीच्या खांबाचा रंग नखाने खरवडू लागला. तो पुटपुटला, "माझ्या मनात तसं नव्हतं गं."

"नाहीच. तुझी कुठे चूक असते? त्या फोनवरच्या पोरीने सांगितलंय ना तुला." ती उठली. "उद्या मॅच आहे. मला न्यायला ये. दिवसाढवळ्या, काचा खाली करून. नाही आलास तर गुरुवारीही येऊ नकोस. चक्की नीट चालतेय माझी."

दार लागलं. पुढचंच.

शनिवारी दुपारी मर्व्हने कोट घातला. वॅलच्या मयतीनंतर पहिल्यांदाच. टायरला मागच्या सीटवर बसवलं. नियम मोडतोय हे त्याला माहीत होतं, पण साक्षीला कोणीतरी आपलं हवं होतं. नॉरीन फाटकात उभी होती, हातात थर्मास आणि स्कोनचा डबा. तिने स्वतःच पुढचं दार उघडलं आणि मर्व्हच्या शेजारच्या त्या रिकाम्या सीटवर बसली.

यारापिटच्या मैदानावर फुटबॉल हातापायांनी खेळतात आणि मॅच गाडीतूनच बघतात. पांढऱ्या कुंपणाला नाक लावून गोलाकार गाड्या उभ्या राहतात, आपला गोल झाला की आपल्या बाजूचे सगळे हॉर्न वाजवतात. प्रत्येकाची जागा ठरलेली, बापाची मुलाला, मुलाची नातवाला. मर्व्हची जागा लांबच्या टोकाला, कचऱ्याच्या पिंपाशेजारी होती. आणि गुणफलकाखालची, सगळ्यात चांगली जागा वॅलची. पाच वर्षं तिथे कोणी गाडी लावली नव्हती.

पांढरी गाडी फाटकातून आत आली तशी माणसांची डोकी वळली. काचा खाली होत्या. आधी टायरचं डोकं दिसलं, मग मर्व्हचं. जॉइसच्या हातातला चिमटा सॉसेजवरच थांबला. मर्व्ह पिंपाकडे वळायला लागला.

"तिकडे नाही," नॉरीन म्हणाली. "गुणफलकाखाली."

"ती वॅलची जागा आहे."

"वॅल गेला. जागा माझी आहे."

मर्व्हने गाडी वळवली. सगळं गाव बघत होतं. पडदा टूंटूं करत होता, टायर भुंकत होता, आणि ब्रेकवरचा पाय कसा कोण जाणे दुसरीकडे पडला. गाडीने एक उडी घेतली आणि वॅल पेटीग्रूच्या जागेसमोरचं कुंपण कडाड करून मोडलं. एक खेळाडू चेंडू हातात धरून बघत राहिला. गुणफलकावरून बर्नी शिडी उतरून धावत आला, कॅन्टीनमधून ट्रिश आणि जॉइस आल्या, बघता बघता पाचपन्नास माणसं जमली. मर्व्हने दार उघडलं, आणि तेवढ्यात गाडीतूनच मोठ्याने आवाज आला.

"मर्व्ह? जॅसिंटा बोलतेय. गाडीला धक्का बसल्याचा इशारा आलाय. ठीक आहात ना?"

मर्व्हने तो आवाज बंद करायला तीन बटणं दाबली. सीट गरम झाली.

"ठीक आहे," तो म्हणाला.

"समोरची गाडी कोणाची होती?"

"गाडी नाही. कुंपण आहे."

"कोणी मागून धक्का दिला का? म्हणजे चूक..." ती मदत करू बघत होती.

मर्व्हने समोर जमलेल्या गर्दीकडे बघितलं. बर्नीचं तोंड उघडं होतं. "चूक माझी. कुंपण जागेवरच होतं. सगळी माझी, तीन वर्षांपासूनची."

"तीन वर्षं?"

"तू मागे विचारलं होतंस ना, हॉलच्या मागे मी काय करत होतो? मी नॉरीन पेटीग्रूकडे जात होतो. दर गुरुवारी. चक्की पहिल्याच दिवशी नीट झाली होती. आणि मी बुळ्या, म्हणून लपून जात होतो. तिने कधी लपवलं नाही. ही पांढरी गाडी तिच्या दारात होती तीही मीच लावलेली. दुसरं कोणी नाही. सगळ्यांना ऐकू आलं का?"

"मला आलं," जॅसिंटा बिचकत म्हणाली. "आता गाडीत कोण कोण होतं?"

"मी आणि नॉरीन." टायर भुंकला. "आणि कुत्रा."

"त्या तुमच्या कोण?"

मैदानावर खेळ पुन्हा सुरू झाला होता, पण गर्दीतलं कोणी तिकडे बघत नव्हतं. मर्व्ह नॉरीनकडे वळला. ती सरळ समोर बघत थर्मासचं झाकण फिरवत होती. वारा सुटला होता, चांगलाच.

"मला तिला बायको म्हणायला आवडेल," मर्व्ह म्हणाला. "नॉरीन, काय सांगू तिला?"

"आधी कुंपण दुरुस्त कर म्हणावं," नॉरीन म्हणाली. तिने कप भरला, त्यातला घोटभर स्वतः प्यायली आणि उरलेला त्याच्या हातात दिला.

जॉइस खिडकीशी आली. मान वर होत नव्हती. "नॉरीन, कॅन्टीनमध्ये स्कोनला कोणी हात लावत नाहीये. दगड झालेत. तू येतेस का?"

"आज नाही," नॉरीन म्हणाली. "आज मी गाडीत बसून मॅच बघणार आहे."

ट्रिशने बर्नीला कोपर मारलं. बर्नी मोडलेली फळी उचलत म्हणाला, "दातांच्या डॉक्टरची गाडी, काय?" मर्व्ह म्हणाला, "सीट गरम होते रे, बसून बघ." गर्दी हसत हसत पांगली. मर्व्हने दार ओढून घेतलं.

इतक्यात एकदम हॉर्न वाजायला लागले. एक, दोन, दहा. मर्व्ह सीटवर ताठ बसला. गाव आपल्यासाठी हॉर्न वाजवतंय! त्याने हात वर करून सगळ्यांना दाखवला, कोटाचं बटण लावलं, आणि मग त्याला दिसलं की हॉर्न पलीकडच्या बाजूने, पाहुण्या गावाच्या गाड्यांमधून येतायत. त्यांनी गोल मारला होता. आपल्या बाजूला सगळे चिडीचूप बसले होते. मर्व्हने हात हळूच खाली घेतला आणि केसांवरून फिरवला, जणू त्यासाठीच वर केला होता.

नॉरीनने ते बघितलं. तिने थर्मास मांडीवर ठेवला, त्याच्या पुढून हात घातला आणि पांढऱ्या गाडीचा हॉर्न तळहाताने दाबून धरला. वॅल कप्तानाची बायको, गुणफलकाखालच्या जागेवरून, पाहुण्यांच्या गोलला. शेजारच्या गाड्यांमधले सगळे वळून बघायला लागले.

"अगं, अगं," मर्व्ह घाबरून म्हणाला. "गोल त्यांचा झालाय."

"माहितीये मला," नॉरीन म्हणाली, आणि हात काढला नाही.